डॉबसन पातळ झाली तेव्हा

वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात झुलालनाना सोनवणे चौतीस वर्षं प्रयोगशाळेत होते. आलेला माल तपासायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची, हे काम. आकडा जुळला नाही तर सही नाही. साहेब ओरडो, ठेकेदार हात जोडो, नाना पेन खिशात ठेवून चहाला निघून जायचे. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. दूधवाल्याचं दूध आणि जावयाचं बोलणं, दोन्ही ते तपासूनच घेत.

नानांना एकच शौक होता आणि तोही कायदेशीर. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी तीन मित्र बसत. एक ते स्वतः. दुसरे जळगावचे डाळमिलवाले मोतीलाल शेठ. यांच्या घरात लसूणसुद्धा लपून येई, म्हणून बैठक कायम वरणगावला. तिसरे भुसावळचे छगन सर, जन्मभर इंग्रजी शिकवलेले. दारू पिण्याचा सरकारी परवाना नानांनी स्वतः काढला होता, दोघांनाही काढायला लावला होता आणि तिन्ही परवाने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते.

पीत असत ती मात्र साधी नव्हे. मोतीलाल शेठची पुतणी आयुषी अमेरिकेत राहते. ती दर दिवाळीला ‘ओल्ड डॉबसन’ नावाच्या बर्बनच्या दोन बाटल्या आणते. बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की, हे कळलं त्या दिवशी नाना हरखून गेले होते. त्यांचं बालपण साक्री तालुक्यात मक्याच्या शेतात गेलेलं. "म्हणजे आपल्याच घरची पोरगी," ते म्हणाले, "फक्त सासर लांब आहे."

त्या दोन बाटल्या वर्षभर पुरवायच्या. प्रत्येक वेळी नाना बाटलीवर पेन्सिलीने पातळीची खूण करत आणि यशोदाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाटली कपाटात ठेवून कुलूप लावत. गेल्या चार-पाच वर्षांत नानांनी एक सिद्धांतही मांडला होता. डॉबसनचं सील फोडल्यावर पहिल्या रविवारी ती रागीट लागते, मग महिन्यागणिक मऊ होत जाते. "खान्देशच्या हवेत ती मुरते," असं ते सांगत. दोघांना ते पटलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी मोतीलाल शेठ नव्या बाटल्या घेऊन आले. नानांनी चष्मा लावून लेबल वाचायला घेतलं आणि ते मध्येच थांबले.

"छगन सर, इथे काय लिहिलंय?"

"नाइंटी प्रूफ."

"गेल्या वर्षी शंभर होतं."

प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, हे नानांनी त्या दोघांना कधीच शिकवून ठेवलं होतं. शंभर म्हणजे पन्नास टक्के, नव्वद म्हणजे पंचेचाळीस. कंपनीने चुपचाप पाच टक्के पाणी वाढवलं होतं.

सील फुटलं. तिघांनी घोट घेतला.

"पाणी!" मोतीलाल शेठ म्हणाले.

"आत्माच गेला," छगन सर म्हणाले.

नानांनी ग्लास खाली ठेवून डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकले. यशोदाबाई केळीचे वेफर्स घेऊन आल्या. तिघांची तोंडं पाहून त्यांनी विचारलं, "कोन गयं?"

त्याच दुपारी कंपनीला ईमेल लिहायचं ठरलं. छगन सरांनी आयुष्यभर साठवलेलं इंग्रजी त्यात ओतलं. आम्ही वरणगाव बर्बन मंडळाचे सभासद आहोत (हे मंडळ त्याच मिनिटाला स्थापन झालं), अकरा वर्षांत आमची जीभ एकदाही फसलेली नाही, पहिल्याच घोटाला आम्ही तुमची लबाडी ओळखली, वगैरे. बाटली मुरण्याचा नानांचा सिद्धांतही एका परिच्छेदात गेला. तिघांची नावं टाकली आणि ईमेल गेलं.

नानांचं एवढ्याने समाधान होईना. आरोप केला की पुरावा पाहिजे. दारूचा जोर मोजायची काचेची तरंगती नळी त्यांनी जळगावहून आणली आणि पुढच्या रविवारी मित्रांना पुन्हा बोलावलं. उंच काचपात्र, थर्मामीटर, सगळा थाट. आधी नवी डॉबसन. नळी डुलली, स्थिर झाली. पंचेचाळीस, बरोबर लेबलाप्रमाणे.

"आता जुनी. म्हणजे फरक दिसेल," नाना म्हणाले.

जुन्या बाटलीत चार बोटं शिल्लक होती. ती ओतली. नळी डुलली, स्थिर झाली. नाना वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"किती?" शेठनी विचारलं.

"छत्तीस."

म्हणजे ज्या नव्या बाटलीला ते पाणी म्हणाले, ती जुनीपेक्षा चांगलीच कडक होती.

"नळी खराब असेल," छगन सर म्हणाले.

"मग नव्या बाटलीला बरोबर आकडा कसा दाखवला?"

मोतीलाल शेठनी छगन सरांकडे पाहिलं. छगन सरांनी शेठकडे पाहिलं. पण बाटली कायम कुलपात, आणि पातळी दर महिन्याला पेन्सिलीच्या खुणेवरच असे. नाना सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. आत यशोदाबाई दाण्याचा कूट करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मीच टाकस पानी," त्या म्हणाल्या. "चार वरीस व्हयनात."

"काय?"

"डाक्टरनी सांगं व्हतं, बंद करा. तुम्ही काही सोडनार नही. मंग मीनी पातळ करी टाकं."

पद्धत सोपी होती. नवी बाटली पहिल्या रविवारी तशीच राहू द्यायची. नंतर दर महिन्याला अर्धी वाटी काढायची आणि तेवढंच गार पाणी घालायचं, म्हणजे खूण हलत नाही.

"आणि काढलेली?" मोतीलाल शेठनी घाबरत घाबरत विचारलं. "ती काय केली, अक्का?"

"गुडघास्ले चोळस. फेकी देवानं का मंग?"

शेठ मटकन खाली बसले. "अमेरिकेहून आलेली, अक्का! गुडघ्यांना!"

छगन सरांना हसू आवरेना. नाना मात्र हसले नाहीत. मुरण्याचा सिद्धांत त्यांच्या डोळ्यांसमोर सुटा होऊन पडला होता, आणि तो ईमेलमधून अमेरिकेला पोचलाही होता. दोन दिवस ते यशोदाबाईंशी कामापुरतंच बोलले. त्यांना राग पाण्याचा नव्हता. चौतीस वर्षं माल तपासणाऱ्या माणसाने चार वर्षं चुकीच्या मालाला आपल्या जिभेने मंजुरी दिली होती, हे त्यांना झोंबत होतं.

त्यातच कंपनीचं उत्तर आलं. जगभरातून तक्रारी आल्या म्हणून डॉबसन पुन्हा शंभर प्रूफ करत आहोत, असं त्यात होतं. वरणगावचं पत्र सगळ्यात तिखट होतं आणि कंपनीच्या मुख्य चाखणाऱ्याला मंडळाशी व्हिडिओवर बोलायचं होतं.

"नको म्हणून कळवा," नाना म्हणाले.

"कळवलं," छगन सर म्हणाले. "हो म्हणून."

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता छगन सरांचा लॅपटॉप नानांच्या टेबलावर मांडला गेला. मोतीलाल शेठ लग्नातला कोट घालून आले. पडद्यावर पिकल्या मिशांचा एक माणूस दिसला. नाव वेस. तिकडे सकाळ होती. त्याने आधी मंडळाचे आभार मानले, मग विचारलं, "फक्त दहा प्रूफचा फरक पहिल्याच घोटाला कसा ओळखलात? आमच्याकडेही फार थोड्यांना जमतं."

छगन सरांनी घसा खाकरला. "अनेक वर्षांची साधना..." ते इंग्रजीत सुरू झाले.

"नो सर," नाना मध्येच म्हणाले. "राँग रिपोर्ट. वी रेड द लेबल. देन वी टेस्टेड."

छगन सरांनी कपाळाला हात लावला. नानांनी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. नळी, छत्तीस, पाणी, गुडघे. वेस आधी ऐकत राहिला, मग इतका हसला की पडद्याबाहेर गेला. परत आला तो गंभीर होऊन. "पण चार वर्षं तुम्हाला संशय आला नाही, म्हणजे त्या दर वेळी अगदी बेताने पातळ करत होत्या. नळीशिवाय त्यांना जोर कसा कळायचा?"

हा प्रश्न नानांना सुचलाच नव्हता. त्यांनी यशोदाबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि प्रश्न ऐकून त्यांना नवल वाटलं. एवढं काय त्यात? माहेरी, पिंपळनेरला, शेजारच्या म्हाताऱ्या आजी मोहाची दारू काढायच्या. त्यांच्या ओट्यावर बसून लहानपणी पाहिलेलं.

"बाटली हालावानी," त्यांनी नवी डॉबसन उचलून खसकन हलवली. "मोठला बुडबुडा व्हयना आनि चट फुटना, म्हंजे तेज. बारीक बसी ऱ्हायना, म्हंजे पानी."

छगन सर भाषांतर करत होते तोवर वेस उठलाही होता. त्याचे आजोबा हेच करायचे, तो म्हणाला. त्याने लेबल नसलेल्या तीन बाटल्या आणल्या आणि एकेक करून कॅमेऱ्यासमोर हलवल्या. यशोदाबाई पडद्याला नाक लावून बघत होत्या.

"मधली बठ्ठासमा तेज. मंग हाई डाव्या हातनी. तिसरी तर तुमनीच शे," त्या नानांना म्हणाल्या.

"मधली सगळ्यात तेज," एवढं छगन सरांनी भाषांतर केलं आणि वेसने बाटल्यांच्या बुडावरचे आकडे दाखवले. क्रम बरोबर होता. मोतीलाल शेठनी टाळ्या वाजवल्या. बाई रोज किती घेतात, असं वेसने अदबीने विचारलं.

"मी?" यशोदाबाई दोन पावलं मागे सरकल्या. "माले तं वास बी नको!"

यंदाच्या दिवाळीत आयुषीने आणलेल्या बाटल्यांवर शंभर आकडा आहे. पाणी आता उघडपणे पडतं, टेबलावर, तिघांच्या देखत. नाना "बस" म्हणतात, यशोदाबाई आणखी थोडं घालतात. बैठकीला त्यांची खुर्चीही असते. त्यांच्यासमोर गप्पा मारताना जपून बोलावं लागतं, अशी शेठची तक्रार आहे.

व्हिडिओच्या त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर नाना बराच वेळ ओट्यावर बसून होते. यशोदाबाई बाजूला येऊन बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. अजून काय काय येतं तुला, जे मला माहीत नाही?"

यशोदाबाईंनी विचार केल्यासारखं केलं.

"बठ्ठं सांगी दिन्हं," त्या म्हणाल्या, "तं तुम्ही परत पत्र लिखशात."