मागून न पाहिलेली मोटारसायकल

लग्न होऊन मी नगरहून इंदूरला आले, तेव्हा मध्य प्रदेश नावाचं राज्य अजून नवंकोरं होतं आणि राजधानी भोपाळला गेली म्हणून अख्खं इंदूर गाल फुगवून बसलं होतं. आमच्या घरात सगळ्यांत जास्त फुगलेले होते माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणायची. मामंजींची उमर संस्थानच्या रिसाल्यात गेली. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे कुठे कुठे गेले, आणि घोड्यांविषयी सगळं जाणणारा हा माणूस राजेंद्र नगरातल्या आमच्या नव्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला. सकाळी उठून दाढी, मिशांना पीळ, बुटांना पॉलिश, आणि मग दिवसभर काही नाही. त्यांना कुणी काही विचारत नसे. एकदा ते आपणहून दूधवाल्याच्या म्हशीचे दात बघायला गेले, तर दूधवाल्याने दुसऱ्या दिवसापासून दूध कोपऱ्यावरच मोजायला सुरुवात केली.

आमचे हे एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. राजेंद्र नगर तेव्हा नुकतं वसत होतं, गिरणी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि सायकल मारून मारून ह्यांच्या पोटऱ्या कणकेच्या गोळ्यांसारख्या झाल्या होत्या. तेव्हा ह्यांनी जुनी का होईना, मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. एका रात्री जेवताना, निव्वळ शिष्टाचार म्हणून, हे म्हणाले, "बाबा, देपालपूरला एका अडत्याकडे गाडी आहे म्हणतात. बघायला येता का?"

मामंजींचा हात पोळीवरच थांबला. मग त्यांनी पाणी प्यायलं, मिशी पुसली आणि किती वाजता निघायचं ते विचारलं. सकाळी बघते तर रिसाल्यातला फेटा ट्रंकेतून बाहेर आला होता आणि सगळ्या घराला डांबरगोळ्यांचा वास येत होता. सासूबाईंनी गहू निवडून आणायला म्हणून मलाही त्यांच्याबरोबर पाठवलं. खरं तर त्यांना म्हाताऱ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं.

अडत्याने गाडी गोदामासमोर उभी करून ठेवली होती. टाकीला ताजा हिरवा रंग, हँडलला झेंडूची माळ. महूच्या छावणीतल्या एका साहेबाची गाडी आहे, असं त्याने सांगितलं. फौजेतली म्हटल्यावर मामंजी अर्धे विरघळले. पण काम ते कामासारखं. त्यांनी आधी लांब उभं राहून गाडीकडे नुसतं पाहिलं. मग डाव्या अंगाने पाहिलं, उजव्या अंगाने पाहिलं, समोर जाऊन दिव्यात डोळे घातले. टाकीवर थाप मारली आणि गाडी बिचकते का ते पाहिलं. गाडी बिचकली नाही. मग एकेका चाकापाशी बसून त्यांनी रबरावरून हात फिरवला, आणि अडत्याला सांगून गाडी हाताने ढकलत आवारात फिरवून आणवली, आधी सावकाश, मग दुडकी. दर वेळी ते बाजूला उभे राहून चाल बघत. चालीत त्यांना काही खोट दिसली नाही.

आमचे हे गाडीच्या मागे उभे राहिले, तर मामंजींनी त्यांना दंडाला धरून ओढलं. अनोळखी जनावराच्या मागे उभं राहायचं नाही, हा रिसाल्यातला पहिला धडा. हे गुपचूप पुढे आले. मामंजी स्वतः तर त्या बाजूला फिरकलेच नाहीत.

शेवटी इंजिन सुरू करायची वेळ आली. ह्यांनी किक मारली, तर किकने उलट ह्यांच्याच नडगीवर तडाखा दिला. हे एका पायावर नाचायला लागले आणि मामंजींचा चेहरा खुलला. लाथ मारतंय म्हणजे अंगात रग आहे, असा त्यांनी निकाल दिला. गाडी आमची झाली. अडत्याने पेढे दिले. मामंजींनी एक पेढा फोडून टाकीवर ठेवला.

मी आणलेला गहू एक नंबर निघाला, हे इथेच नोंदवून ठेवते, कारण त्या दिवशीच्या खरेदीत तेवढंच धड होतं.

गाडी डावीकडे ओढायची. थोडीथोडकी नाही. हँडल सरळ धरलं की गाडी नम्रपणे रस्त्याच्या डाव्या कडेला जायची, तिथून खड्ड्यात, तिथून कुणाच्या तरी कुंपणात. पहिल्याच आठवड्यात हे शेजारच्या मास्तरांच्या पडवीत जाऊन आले, आणि मास्तरीणबाईंनी पाहुणे आले म्हणून चहा टाकला. मामंजींना हे सगळं सांगितलं, तर ते मुळीच डगमगले नाहीत. खोड आहे, म्हणाले. खोड मोडता येते. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकवणी सुरू केली.

सकाळी गाडीला खरारा, म्हणजे जुन्या धोतराने खसाखसा पुसणं. मग मोकळ्या मैदानात उजवीकडे गोल गोल फेऱ्या. ज्या बाजूला जनावर वळत नाही त्याच बाजूला त्याला फिरवायचं, अशी रीत. हे ऑफिसला जायच्या आधी दात-ओठ खात उजवीकडे गोल फिरत आणि मामंजी मधोमध उभे राहून शाबासकी देत. ती ह्यांना नसे, गाडीला असे. हळूहळू बघायला कॉलनी जमू लागली. ह्यांच्या उजव्या दंडाला असा काही पीळ आला की सदऱ्याची एक बाही उसवावी लागली.

मग एके दिवशी मी मागे बसले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की मी बसल्यावर गाडी जरा कमी ओढते. बायका मागच्या सीटवर डावीकडे पाय सोडून बसतात. मी उजवीकडे सोडून बसले, तर आणखी कमी ओढते. झालं, माझं नशीब ठरलं. इतके दिवस मी स्वतःला सून समजत होते, ती निघाले पासंग. अख्ख्या इंदुरात उलट्या बाजूला पाय सोडून बसणारी मी एकटी बाई. सराफ्यातून जाताना लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. त्यातून सासूबाई मला ताटात जास्तीचं तूप वाढू लागल्या. आधी मला वाटलं, माया. नंतर कळलं, वजन. मी नसले की माझ्या जागी देपालपूरच्या गव्हाचं अर्धं पोतं उजव्या बाजूला बांधलं जाई, आणि ह्यांचं म्हणणं असं की पोतं निदान वाटेत बोलत नाही. त्यावर दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

एकदा ऑफिसातून येताना ह्यांनी गाडी एका मिस्तरीला दाखवली. आम्हाला न सांगता. मिस्तरी गाडीच्या मागे उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि हसायला लागला. ह्यांनी घरी येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं: "भिया, ये एक गाड़ी नी है, दो है. आगे वाली अलग जा री, पीछे वाली अलग." गाडीचा सांगाडाच वाकलेला होता. कधीतरी कशावर तरी आदळून मधे मोडला होता, मग जोड मारून वर तो सुंदर हिरवा रंग फासला होता. तो जोडही आता तडकत चालला होता. हे काही दुरुस्त होणार नाही, भंगारात घाला, असं मिस्तरी म्हणाला.

मी म्हटलं, मग घाला. माझे पाय तरी सरळ बाजूला येतील.

ह्यांनी दारातून ओट्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाबांना नाही सांगायचं. इतक्या सालांनी त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि तेच गलत निघालं असं कसं सांगू? परत कुणी विचारणार नाही त्यांना. आणि विचारलं तरी ते येणार नाहीत."

मला ह्यांचा राग आला होता तो तिथेच संपला. ओट्यावर मामंजी एका शेजाऱ्याला खोड कशी मोडायची ते समजावत होते. आवाज खणखणीत होता. मी आत जाऊन जास्तीचं तूप खाल्लं.

असे आम्ही कितीतरी महिने त्या वाकड्या गाडीवर सरळ चेहऱ्याने हिंडलो. सासूबाईंना सामील करून घ्यावं लागलं, मग मास्तरांना, मग कोपऱ्यावरच्या पानवाल्याला. मामंजींनी विचारलं की सगळे एका सुरात सांगत, पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारली आहे. खोटं बोलायला सगळ्यांत उत्साही पानवाला. गाडी आता उजवीकडे ओढायला लागली आहे, असं तो एकदा बोलून गेला, आणि मामंजींनी दोन दिवस शिकवणी उलटी फिरवली.

पुढे गावात एका नातलगाकडे मुंज निघाली. सासूबाईंना आणि मला टांगा केला, कारण आमच्याजवळ आहेराची ताटं होती. ह्यांना पोतं बांधायचं होतं, पण मामंजी फेटा बांधून आले आणि म्हणाले, मागे मी बसतो. आज त्याची चाल मला स्वतःला बघायची आहे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणायला काही कारण सापडेना.

गाडी पुढे, टांगा मागे. धुळीच्या रस्त्यावर मला त्या गाडीची दोन चाकं दोन वेगळ्या रेषा काढत चाललेली दिसत होती. टांगेवाल्यालाही दिसली. तो काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला आहेराच्या ताटातला एक लाडू दिला.

लालबाग राजवाड्याच्या फाटकासमोर आलो की मामंजी नेहमी सलाम करत. सरकार आत असोत नसोत, फाटकाला सलाम. पायी असले तर टाच जुळवून, टांग्यात असले तर बसल्या जागी. त्या दिवशी ते स्वार होते. त्यांनी दोन्ही पाय गाडीच्या पायदानांवर रोवले, रिकिबीत उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला. टांग्यात आम्हालाही आवाज ऐकू आला. हिरव्या रंगाखालचा जोड सुटला होता. गाडी पडली नाही, ती मधोमध सावकाश खाली बसली, आणि तिच्यावर बसलेले आमचे हे जमिनीला टेकले. मामंजी मागच्या मागे उतरले. हात अजून कपाळालाच होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने उलट सलाम केला आणि मग तोंडावर रुमाल धरला.

कुणाला काही लागलं नाही. मी टांग्यातून उडी मारली, तोवर हे उठून घाईघाईने बोलायला लागले होते. खड्डा होता, ब्रेक लागला, माझीच चूक झाली. मामंजी ऐकत नव्हते. ते चालत चालत गाडीच्या मागे गेले. पहिल्यांदाच. तिथे ते वाकले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहत राहिले. आधी गाडीकडे, मग मागे धुळीत उमटलेल्या त्या दोन रेषांकडे. मग माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांना माझे उजवीकडचे पाय आठवले असावेत.

"खोड नव्हती रे," ते ह्यांना म्हणाले. "हाडच मोडलेलं होतं. तुम्हाला सगळ्यांना मालूम होतं ना?"

मामंजींनी खाली निसटून पडलेली गाडीची गादी उचलली, धूळ झटकली आणि खांद्यावर घेतली. घोडा पडला तर स्वार जीन घेऊन परत येतो, असं सासूबाई मला हळूच म्हणाल्या. टांग्यात या म्हटलं तर त्यांनी मान हलवली. मग ते गादी घेऊन पुढे चालत निघाले आणि आमचा टांगा पावलापावलाने त्यांच्या मागून. मुंज आमच्याविनाच लागली.

गाडीचा सांगाडा भंगारात गेला. गादी ओट्यावर मामंजींच्या खुर्चीशेजारी राहिली. त्यांनी मिशांना पीळ देणं सोडलं, बुटांना पॉलिश करणं सोडलं. सासूबाई मुद्दाम विचारत, भाजी कोणती करू? ते म्हणत, तुम्हाला समजेल ती करा. मला ते बघवेना. वर्षभर उलटं बसले तेव्हा वाटलं नव्हतं एवढं वाईट मला आता वाटत होतं.

आधीची विकून टाकली होती, म्हणून ह्यांनी परत सायकल घ्यायचं ठरवलं. जुनीच. ह्यांचा विचार एकट्याने जाऊन घेऊन यायची असा होता, बाबांना कशाला पुन्हा त्रास. मी ह्यांना काही न बोलता पदर खोचला आणि ओट्यावर गेले.

"मामंजी," मी म्हटलं, "हे सायकल घ्यायला निघालेत. मागे कॅरिअरवर मलाच बसायचं आहे. तुम्ही बघितल्याशिवाय मी बसणार नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी थट्टा करते आहे का ते बघायला. मी करत नव्हते. ते शेजारच्या गादीवरून हात फिरवत राहिले.

"मागून बघावी लागेल," शेवटी ते म्हणाले.

"बघा की."

मग त्यांनी आत हाक मारून सासूबाईंना विचारलं, बुटाचं पॉलिश कुठे ठेवलंय.