आधी दार, मग मशीन

फोन आला तेव्हा मी धडगावच्या एका गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे लपून बसलो होतो. आमच्या धंद्यात लपावंच लागतं. खोलीच्या मधोमध स्टँडवर ठेवलेला कॅमेरा चारही दिशा, वर छत आणि खाली फरशी असं सगळं एकदम टिपतो, त्यामुळे फोटो काढणाऱ्याने स्वतःच कुठेतरी दडी मारायची असते. खिशात फोन थरथरला. रनाळ्याहून आप्पांचा मुलगा बोलत होता. "इरफान भाऊ, आप्पा गयात." कॅमेऱ्याचं काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो, कारण बाहेर आलो असतो तर फोटो पुन्हा काढावा लागला असता. आणि खरं सांगतो, त्या दिवशी पुन्हा काहीच करायची ताकद माझ्यात नव्हती.

हिरामण आप्पा नंदुरबारच्या एका जिनिंग मिलमध्ये आयुष्यभर फिटर होते. माझी त्यांची ओळख अगदी अलीकडची, जेमतेम तीन हंगामांची. वडिलांचा फोटो स्टुडिओ मोबाईलने मोडीत काढला आणि मी या कामाकडे वळलो. पुण्याची एक ट्रेनिंग कंपनी कारखान्यांसाठी मोबाईलवरची सहल, म्हणजे 'टूर', बनवते. नवा कामगार कामावर यायच्या आधी घरबसल्या बोट फिरवून मिलभर हिंडतो. बाण दाबला की पुढच्या खोलीत जातो, गोल खुणेला बोट लावलं की त्या जागेची सूचना ऐकू येते. फोटो काढणं, जोडणं, खुणा लावणं हे माझं काम. मिल दाखवायला मालकांनी आप्पांना सोबत दिलं, कारण निवृत्त होऊनही ते रोज येऊन बसत.

पहिल्याच दिवशी मी सरकीच्या ढिगामागे दडलो, तर आप्पा हसत सुटले. "फोटोवाला चोरना मायक दपस, हाई पहिल्यांदाज देखं मी!" पण त्यानंतर माझ्याआधी तेच लपायची जागा शोधून ठेवू लागले. उंच, हाडकुळा माणूस, कापसाच्या धुळीने कायम खोकणारा... त्यांची एक सवय मला फार दिवस खटकत होती. कुठल्याही खोलीत शिरले की उंबऱ्यातच थांबायचे, उलटं वळायचे, दुसरं दार कुठे आहे ते बघायचे आणि मगच पुढे यायचे. माझा खोळंबा व्हायचा. एकदा वैतागून विचारलंच, आप्पा, चाळीस वर्षांत दारं काही चालत गेली नाहीत ना?

तेव्हा त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी गाठी बांधायच्या खोलीत कापसाने पेट घेतला होता. एक माणूस आदल्याच दिवशी कामाला लागलेला. बाकीचे मागच्या दाराने निघाले, तो धुरात उलट आत पळाला. त्याला कामावर आणणारे आप्पाच. "मी त्याले आखं मशीन दखाडं, इरफान. पट्टा दखाडा, बटन दखाडं. दार नही दखाडं." एवढं बोलून ते स्टँड उचलून पुढे चालू लागले.

मग त्यांनी अटच घातली. खोलीत शिरल्यावर मोबाईलवर पहिलं दृश्य बाहेर जायच्या दाराचं हवं, मशीन नंतर. हे माझ्या हातात होतं. आत येणाऱ्याचं तोंड कोणत्या बाजूला ठेवायचं ते मीच ठरवतो. गाठींच्या खोलीचं मागचं दार आपोआप मिटायचं. वीट लावू म्हटलं, तर आप्पांना ते पटेना. "मी धरी ठेवस, तू फोटो काढ." ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी सगळ्या खोल्या लावल्या आणि पुण्याला पाठवल्या.

पुण्याहून फोन आला. "सर, उघडल्या उघडल्या मशीन दिसायला पाहिजे. दारं बघून लोक बंद करतात हो." मी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा खोल्या परत आल्या तेव्हा मी फिरवून टाकल्या. एकूण एक. बसल्या जागी अर्ध्या तासाचं काम. कंटाळलो होतो, एवढंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर आज थोडं बरं वाटलं असतं.

आप्पांना कळवलं नाही. मग त्यांचं फुप्फुस बिघडलं. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा पलंगाचं डोकं दाराकडे होतं आणि ते मान मागे टाकून काहीतरी शोधत होते. "माले दार दिखी नही ऱ्हायनं." ऑक्सिजनची नळी भिंतीतून आलेली, पलंग फिरवता येईना. मी म्हटलं, तुमच्या मागेच आहे आप्पा, चार पावलांवर. ते निवांत झाले. थोड्या वेळाने विचारलं, "आपला टूरमा दारच पहिले दिखस ना?"

मी म्हटलं, "हा आप्पा, दिखस."

ते आमचं शेवटचं बोलणं. तेवढ्यावर ते झोपले. मी मात्र तेव्हापासून धड झोपलेलो नाही.

दहाव्याहून परतल्यावर कुणालाही न विचारता मी एकेक खोली पुन्हा फिरवली. गाठींच्या खोलीचं तोंड दाराकडे केलं आणि हात थांबला. अर्धवट उघड्या फळीच्या कडेवर चार बोटं होती. काळपट, नखांत तेल मुरलेलं, घट्ट धरलेली. पहिल्यांदा लावताना घाईत ती नजरेतून निसटली होती, आणि मशीनकडे तोंड फिरवल्यावर पाठीमागेच राहिली. मागे कोण वळून बघतो? मीही पाहिलं नव्हतं.

पुण्याहून दोन तक्रारी आल्या. खोल्या परत दाराकडे का फिरवल्या, आणि ती बोटं आधी पुसून टाका. पुसणं दोन मिनिटांचं काम, जन्मभर मी लोकांच्या फोटोंतले डाग पुसत आलो आहे. या वेळी पुसलं नाही. उलट बोटांवरच गोल खूण लावली आणि माझ्या आवाजात सूचना भरली: बाहेर जायची वाट ही. दार आपोआप मिटतं, मागच्यासाठी धरून ठेवा. सोबत लिहिलं की दारं राहणार नसतील तर माझं काम परत करा. बरेच दिवस काही आलं नाही, मग एका शब्दाचं उत्तर आलं, 'चालेल'. मला आनंद वगैरे झाला नाही. हे तेव्हाच करता आलं असतं.

परवा मिलच्या ऑफिसात गेलो होतो. धडगावकडून आलेली एक नवी बाई बाकावर मोबाईल घेऊन बसली होती. गाठींची खोली उघडली, दार दिसलं, तिने बोटांना बोट लावलं. माझाच आवाज ऐकू आला. तिने मला विचारलं, हे कोण?

"आमचे आप्पा," मी म्हटलं. "दार धरून उभे आहेत."

तिने मोबाईलमधून मान वर काढली, आणि आम्ही बसलो होतो त्या खोलीचं दार कुठे आहे, ते वळून पाहिलं.