उत्तम शुक्रवारची पेज

दुसरीत गुरुजींनी सांगितलं, "उद्यापासून येऊ नको, बाकावर उगाच जागा अडते." मी खूश होऊन घरी पळालो. तेवढ्या शिक्षणावर रत्नागिरीतल्या एका लहान इस्पितळात लागलो. वॉर्डात मला सगळे मामा म्हणतात. शौचाची भांडी देणं, चादरी बदलणं, माणूस गेला की गाडी ढकलणं, ही माझी कामं. पेशंटना हसवणं हे मीच अंगाला लावून घेतलंय. पोटाला टाके पडलेले हात जोडतात, "मामा, गप ऱ्हावा हो."

गेल्या उन्हाळ्यात बोटीवरचा एक नेपाळी खलाशी आला. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, तोंडातून लाळ. गिळता येत होतं, डॉक्टरांनी बघितलं होतं. पण खाईना. चमचा नेला की तोंड भिंतीकडे. नाकात नळी घातली, ती डाव्या हाताने उपसून टाकली. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हा लकव्याने नाय, भुकेने जाईल."

सिस्टर मला म्हणाली, "मामा, जगाला हसवता ना? याला चार घास भरवून दाखवा."

मी माकड झालो, डोळे फिरवले, चमच्याची बोट करून भोंगा वाजवला. बाजूच्या खाटा हसल्या. तो नुसता बघत राहिला. चमचा माझ्याच हातात थिजला.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब नेहमी सांगतात, प्रभू भुकेल्यात असतो, आजाऱ्यात असतो. मी सगळ्यात जोरात आमेन म्हणतो. वॉर्डात आल्यावर मला फक्त ओली चादर दिसते.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. तीनच्या उपासनेपर्यंत मी उपास धरलेला, जन्मातला पहिला. उपास गुपचूप करायचा असतो. मी वॉचमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगून आलो होतो.

सकाळी त्याच्या बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, बघायला आला. पेजेची वाटी तशीच पडलेली बघून मलाच ओरडला, "असा भरवून खाईल काय तो? आमी सगळे एका परातीत जेवतो. सगळे बसल्याशिवाय ह्यो घास उचलीत नाय. मी यायचा असलो तरी थांबतो."

"मग बसा ना तुम्ही याच्याजवळ."

तांडेलाने त्याच्याकडे बघितलं, तोंड फिरवलं. "नाय बघवत मला," म्हणाला नि निघून गेला.

वाटी माझ्या हातात. पोटात कावळे. ताटात पेज ओतली, खाटेवर टेकलो नि पहिला घोट मीच घेतला.

समोरच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी बोलली, "सुटला मामांचा उपास! प्रभू बघतोय हां!"

वॉर्ड खिदळला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याचा डावा हात हलला. मला वाटलं घास घेतोय. त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. आधी मी पोटभर खावं म्हणून. मी अजून एक घोट घेतला, तेव्हा त्याने बोटं पेजेत बुडवून तोंडाला लावली. अर्धी माझ्या शर्टावर.

मला एक विनोद सुचत होता, तो तोंडातून आलाच नाय. उजेड पडला नाय, काय नाय. मुताचा वास होता नि अळणी पेज. पण समोर कोण बसलंय ते मला कळलं, नि मला भीती वाटली. त्याच्यासारख्या किती जणांना मी घाईघाईत, हसत हसत पुसून काढलं होतं.

तीनला डागाळलेल्या शर्टाने उपासनेला देवळात गेलो. सगळे गप्प असताना ढेकर दिला.

मग रोज दुपारी आम्ही एका ताटात जेवायचो. मी जाडा झालो. तो थोडा बसायला लागला, वाचा काय आली नाय. मग मुलखातून त्याचा मेव्हणा न्यायला आला. माझी हिंदी माझ्यासारखीच. मी हातवारे केले, "तुम बैठेगा, तुम खायेगा, तब ये खायेगा."

मेव्हण्याला वाटलं मी खायला मागतोय. पिशवीतून चिवड्याची पुडी काढून त्याने माझ्या हातात दिली. गाडी गेली.

तिकडचा नंबर लागत नाय. तो जेवतो का नाय, कोणाला ठाऊक. मी एवढंच मागतो, प्रभू, त्याच्याशेजारी कोणीतरी बसव. माझ्यासारखा खादाड असला तरी चालेल.