पाचोळ्याचं घर

सर्पोद्यानात झाडलोट करणाऱ्या मावशींना स्वच्छतेचा भारी सोस. घरी नवऱ्याने चहाचा कप खाली टेकवायचा अवकाश, तो धुऊन पालथा घातलेला असे. त्यात चहा होता की नाही, हे नंतर कळायचं.

अशा बाईच्या वाट्याला आला नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा पिंजरा. आत दहा फुटांची मादी. मावशी तिला ‘राणीसरकार’ म्हणत. रोज सकाळी रखवालदार तिला मागच्या खोलीत कोंडायचा, मधली फळी पाडायचा, मग मावशी झाडू घेऊन आत शिरायच्या.

“आमचं छान जमतं,” त्या म्हणायच्या, “तोंडाला तोंडच लागत नाही.”

एका सकाळी बघतात तर कोपऱ्यात वाळक्या पाल्याचा ढीग! मावशींनी तो झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढीग. तिसऱ्या दिवशी त्या रखवालदारावर उखडल्या.

“पिंजऱ्यात कचरा लोटतोस? मी काय रिकामटेकडी आहे?”

“आईशप्पथ, मी नाही मावशी!”

दुपारी मावशी काचेआड दबा धरून बसल्या आणि पाहतच राहिल्या. हात ना पाय, पण राणीसरकार अंगाचं वेटोळं करून पिंजऱ्यातल्या झाडांचा गळलेला पाला कोपऱ्याकडे ओढत होत्या. मावशींनी उद्यानाच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले.

“मावशी, घरटं बांधतेय ती! सापांमध्ये असं घर बांधते ती हीच. पाला कुजून ऊब धरतो, त्यात अंडी घालते.”

मावशींनी हातातला झाडू खाली टाकला. “म्हणजे मी रोज पोटुशीचं घर मोडत होते?”

संध्याकाळपर्यंत त्यांनी बागेतला सगळा पाचोळा पोत्यांत भरून पिंजऱ्यापाशी आणून ठेवला. घरी नवरा म्हणाला, “नागिणीचा पसारा चालतो, माझा कप तेवढा खुपतो!”

राणीसरकारांनी अंडी घातली, पाल्याने झाकली आणि वर ठाण मांडलं. कोणी जवळ गेलं की फणा काढून कुत्र्यासारखी गुरगुर. समोर टाकलेल्या धामणीकडेही ढुंकून पाहिलं नाही. पिंजरा झाडणं बंद. मावशी बाहेरून काच तेवढी पुसत.

दोनेक महिने गेले आणि एके दिवशी ती घरटं सोडून फळीपाशी जाऊन पडली. मावशी चिडल्या.

“आता पिल्लं यायची, आणि ही निघाली?”

“तिचं खाणंच साप, मावशी,” डॉक्टर म्हणाले. “त्यात इतकी उपाशी. पोरंच तिच्या तोंडी पडायला नकोत म्हणून निघून जाते, असं म्हणतात.”

मावशी रखवालदाराकडे वळून म्हणाल्या, “बघतोस काय? फळी उघड, तिला पलीकडे घे. आधी जेवू घाल तिला.”

त्याच आठवड्यात अंडी फुटली. काळी, पिवळ्या पट्ट्यांची, हातभर लांबीची पिल्लं पाचोळ्यातून वर आली. विष जन्मतःच अंगात, म्हणून डॉक्टरांनी मावशींना काचेबाहेरच थांबवलं. त्यांनी काचेला नाक लावलं. आतल्या एका पिल्लाने झटकन मान उभारली आणि बोटभर फणा काढला.

“अगोबाई!” मावशी खुदकन हसल्या. “थेट आईवर गेलंय मेलं!”