आप्पांचा पहिला ठोका

"ए बाबा, ठोकतो काय तिला? कलिंगड आहे का?"

नगरच्या वाद्यांच्या दुकानात मालक माझ्या बापाला असं बोलला. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. आप्पांनी हातातली गिटार अंगापासून लांब धरली आणि तेही हसले. कुणी खेकसलं की आपण हसायचं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक.

मी हसले नाही.

आम्ही मातंग. मिरजगावच्या अलीकडं आमचं गाव. हलगी आमच्या घरात चार पिढ्यांपासून. नवी हलगी घ्यायची तर आप्पा तिचं लोखंडी कडं वाकड्या बोटानं ठोकत जातात, कान लावतात. बारीक चीर असली तरी त्यांना कळते. गिटारीलाही त्यांनी तेच केलं. दुसरं काय करणार?

मी कर्जतला एका खाजगी शाळेत बालवर्गाला शिकवते. गिटार शिकले डी.एड.च्या होस्टेलवर, खोलीतल्या मैत्रिणीच्या गिटारीवर. ती अंघोळीला गेली की माझा सराव. ती आली की बंद. त्यानंतरही आठ वर्षं लोकांच्याच गिटारी मागून वाजवल्या. आता माझी स्वतःची हवी होती. वायर लावून स्पीकरला जोडता येईल अशी, म्हणजे शाळेच्या मैदानावर मागच्या पोरांनाही ऐकू जाईल.

आप्पांना मीच आग्रहानं नेलं होतं. आमच्यात नवं वाद्य घरात आलं की पहिला ठोका थोरल्याचा. त्याआधी ते कुणी वाजवत नाही. माझ्या गिटारीलाही तो मान मिळावा, एवढंच माझ्या मनात होतं. पण आधी पारख, मग ठोका.

"बाय, हिच्या आत पट्टी सुटलीया," आप्पा माझ्या कानाशी म्हणाले. "झणझण करतीया. ऐक."

मी ऐकलं. खरंच होतं. काळी, चकचकीत गिटार. दुकानदार तीच माझ्या गळ्यात मारायला बघत होता. पट्टीचं सांगितलं तर म्हणाला, "कंपनीचा माल आहे, तुम्हाला काय कळतंय." मी दुसरी काढायला लावली. साध्या लाकडी रंगाची. तारा फार उंच नव्हत्या, दाबायला सोप्या. दांडीवरचं प्रत्येक घर दाबून पाहिलं. कुठं तार खरखरत नव्हती. वायर लावली. आवाज स्वच्छ. आप्पांनी मागून कान लावला, बोटानं हळूच चाचपलं आणि मान डोलावली.

"हीच घे."

तेवढ्यात बाळासाहेब आत आला. आमच्या गावच्या बागायतदाराचा मुलगा. शाळेत माझ्या दोन वर्षं पुढं होता. लेकीसाठी गिटार घ्यायला आलेला.

"शिरप्या? तू हितं?"

माझ्या बापाचं नाव श्रीपती. वय बासष्ट.

आप्पा स्टुलावर बसले होते, ते उठले. चपला काढल्या. दुकानात बाकी सगळे पायताणं घालूनच होते.

"व्हय मालक. पोरीला घ्याचीय."

"गिटार? लई भारी की!" तो दुकानदाराकडं वळला. "हा आमच्या गावचा वाजंत्री. काय बी द्या हातात, हलगी करून दावतो. शिरप्या, वाजव रं. वरातीतलं वाजव."

आमच्या गावात हलगीवाल्यानं नाही म्हणायचं नसतं. लग्न असो, पोळ्याचे बैल असोत, मयत असो. निरोप आला की जायचं. अंगात ताप असला तरी जायचं. आप्पांनी लगेच गिटार पालथी करून पोटाशी धरली. बोटं उचलली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ते वाजवणार न्हाईत," मी म्हणाले.

"मी तुला इचारलं का? शिरप्या, वाजव."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं. आणि माझ्या हाताखालून आपला हात काढून घेतला.

वाजवलं. माझ्या गिटारीच्या पाठीवर. अनवाणी, वाकून. आणि फार सुरेख वाजवलं, तेच जास्त लागलं. एकानं मोबाईल काढला. दुकानदार म्हणाला, "बाबा कलाकार आहेत की!" मघाशी कलिंगड, आता कलाकार.

मला राग यायला हवा होता. आला नाही. अंगात काहीच नव्हतं. भिंतीवरच्या पेट्या, तबले, बासऱ्या बघत मी उभी होते. फक्त लाज वाटली. बाळासाहेबाची नाही, माझ्या बापाची. हे लिहायला हात जड जातो, पण खरं तेच आहे.

बाळासाहेबानं ती काळी गिटार घेतली. आतून सुटलेली. दुकानदार बोलला नाही. मीही बोलले नाही.

एसटीत आप्पा गिटार गुडघ्यांत धरून बसले. मांडवगण मागं पडलं. मग म्हणाले, "गावात ऱ्हायचंय, बाय. पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करून भागत न्हाई."

घरी आईनं गिटारीला हळदकुंकू लावलं. म्हणाली, "मारा की ठोका."

"माझा झालाय," आप्पा म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

दहा दिवस गिटार कव्हरातच राहिली. मी शाळेत जायचे, पोरांकडून गाणी म्हणून घ्यायचे, घरी येऊन जेवायचे. चव कळायची नाही.

अकराव्या दिवशी सकाळी बाळासाहेबाचा गडी दारात आला. नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. "शिरप्याला हलगी घिऊन बोलीवलंय. आन तुलाबी, गिटार घिऊन. पाव्हन्यांची करमणूक."

"आलोच म्हन," आप्पा आतून म्हणाले. खुंटीवरची हलगी काढायला उठलेही.

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. "कुनी येनार न्हाई. मी सांगितलंय म्हणून सांग."

गडी आप्पांकडं बघत राहिला. आप्पा जमिनीकडं. तो गेला.

मग आप्पा ओरडले. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर. "तू कोन सांगनारी? मला इचारलंस?"

आठवड्यात आईला बाळासाहेबाच्या शेतावर कांद्याच्या कामाला बोलावणं बंद झालं. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. गिटार मी शाळेत नेली. वाजवते. पोरं नाचतात. मला अजून काही वाटत नाही.

पण आप्पांचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. मला इचारलंस? नव्हतं विचारलं. बाळासाहेबानं "वाजव" म्हटलं, मी "वाजवणार न्हाईत" म्हटलं. दोघांनीही आपापलं ठरवून टाकलं. बासष्ट वर्षांत त्यांना वाजवायचं आहे का, हे कुणीच विचारलेलं नाही. गावानं नाही. त्यांच्या लेकीनंही नाही.

निरोप पुन्हा येणार. गाव सोडत नसतं. तेव्हा दारात मीच उभी असेन. निरोप आणणाऱ्याला बाहेर थांबवीन आणि आत जाऊन आप्पांना विचारीन. ते हो म्हणाले तर वाट मोकळी करून देईन. नाही म्हणाले, तर सगळं गाव दारात आलं तरी कुणाला त्यांना जागचं उठवू देणार नाही.