तीन माळे खाली, तीन माळे वर

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. लालबागला अशा बिल्डिंगी आता थोड्याच उरल्यात. लाकडी जिना, प्रत्येक माळ्याला एक वळण, आणि वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. आजारी माणूस या जिन्याने खाली न्यायचा झाला की पहिल्या माळ्यावर माझ्या दाराशी हाक येते. मी कॉटन ग्रीनच्या गोदामात हमाली केली, पुढे टोळीचा मुकादम झालो. कापसाची गासडी पाठीवर घेऊन फळीवरून चालण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामानाने माणूस हलका. फक्त माणूस बोलतो, गासडी बोलत नाही.

गोदाम बंद झालं तेव्हा तिथली हात असलेली एक लाकडी खुर्ची मी घरी आणली. बाळंतिणी, हार्टवाले, पाय मोडलेले, सगळे तिच्यात बसूनच उतरले. एकालाही खरचटलं नाही.

आमचा आमदार याच बिल्डिंगीत तिसऱ्या माळ्यावर राहतो. निवडून आला तरी त्याने खोली सोडली नाही, एवढं त्याचं मी मानतो. पण दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. बिल्डिंग पाडून नवी बांधायची होती. आमदाराने फिरवलेल्या संमतीच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या, मी केली नाही. कागद इंग्रजीत. मी तिसरी शिकलेला. म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत वाचून दाखवा, मग करतो.

तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही?"

मी म्हटलं, "तुझ्यावर आहे. कागदावर नाही."

त्या दिवसापासून जिन्यात गाठ पडली की मी भिंतीकडे बघायचो आणि तो मोबाइलकडे. निम्म्या खोल्यांची माणसं कुलपं लावून दुसरीकडे राहायला गेली होती आणि माझ्या सहीवाचून काम अडलं म्हणून मला शिव्या देत होती.

मग ते अधिवेशन आलं. सरकारचा जीव एका मतावर टांगलेला होता. इकडचे आमदार एका हॉटेलात ठेवलेले, तिकडचे दुसऱ्या. आमचा तेवढा घरी होता, कारण त्याच्या पोटाचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते आणि टाके ओले होते. डॉक्टरने जिन्याचं नाव काढू नका म्हणून सांगितलेलं. तो सरकारच्या बाजूचा. विश्वासाच्या ठरावाला तो गेला नाही तर सरकार पडणार, असं टीव्हीवर रोज चाललेलं.

ठरावाच्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. वर धडधड ऐकू आली. पक्षाच्या पोरांनी स्ट्रेचर आणला होता, तो वळणावर अडकला. चाकांची खुर्ची आणली होती, ती जिन्यावर काय कामाची? थोड्या वेळाने आमदाराचा पी.ए. माझ्या दारात आला.

"काका, जरा चला. वेळ नाही. एकदा बेल वाजून सभागृहाचे दरवाजे बंद झाले की देव आला तरी आत घेत नाहीत."

"कोणी पाठवलं?"

"साहेबांनीच."

"मग साहेबाला बोलू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मोबाइल काढला, लावला आणि माझ्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला, "मुकादम, वर ये." दोन वर्षांत तो माझ्याशी बोललेले हे पहिले तीन शब्द. मी खुर्ची उचलली, गोदामातली जुनी चुंबळ आणि दोर खांद्यावर टाकला आणि वर गेलो.

तो खाटेच्या कडेला बसला होता. इस्त्रीचा कुर्ता, खाली पोटाला पट्टा. त्याला खुर्चीत बसवलं, पाठीला चुंबळ दिली, चादरीची घडी करून छातीवरून बगलेखालून बांधली. पोटाला काही लागू दिलं नाही. एक दांडगा कार्यकर्ता पुढे झाला आणि नेहमी नेतात तशी खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवायला लागला. तशी वहिनी, म्हणजे आमदाराची बायको, दारात आडवी उभी राहिली. ती मालवणकडची.

"जित्या माणसाक पाय फुडे करून न्हेतत? माझ्या घरात ह्या चलाचा नाय."

"काकी, खुर्चीत पाय पुढेच येणार ना," कार्यकर्ता म्हणाला.

"मगे उलटी करा."

पी.ए. घड्याळ बघत होता. आमदार म्हणाला, "अगो, आज तरी..." वहिनी हलली नाही. तिचं खरंच होतं. पाय पुढे करून जिन्याने कोण जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आजवर माणसं पाय पुढे करूनच उतरवली, ती सोय म्हणून, आणि कोणी हटकलं नाही. पण घर तिचं, नवरा तिचा.

मी म्हटलं, "उलटी करू."

"सगळं वजन खालच्यावर येईल," कार्यकर्ता म्हणाला.

"खालचा मी आहे."

वहिनी बाजूला झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मुकादमानू, न्हेतास तसे माका परत होये."

मी हो म्हटलं.

खुर्चीची पाठ मी माझ्या पाठीवर घेतली, गासडी घ्यायचो तशी. दोर बैठकीखालून घेऊन दोन्ही खांद्यांवर. कार्यकर्त्याने वरून खुर्चीचे पुढचे पाय धरले. आमदाराचं तोंड वरच्या पायऱ्यांकडे, माझं खालच्या. पाठीला पाठ लागलेली. तिसऱ्या माळ्याचं वळण पार केलं.

मग तो म्हणाला, "वजन वाढलंय ना माझं?"

"बोलू नको. पोट हलतं."

दुसऱ्या माळ्यावर टेकवलं. मी श्वास घेतला. मागून आवाज आला, "सही केली असतीस तर आज लिफ्ट असती."

"लिफ्ट असती तर मला कशाला बोलावलं असतंस?"

तो हसला, मग कळवळला. "हसवू नको रे. टाके जातील."

शेवटच्या वळणाला जिना काळोखी आहे, दोन पायऱ्या झिजून उतरत्या झाल्यात. तिथे त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, ते मला लाकडातून कळलं. हळूच म्हणाला, "कुठे चाललोय ते दिसत नाही रे."

"मला दिसतंय. तेवढं पुरे."

खाली चॅनलवाले होते. शेवटच्या पायरीवर मी दोर सोडला तसा तो कार्यकर्ता वरून खाली येऊन खुर्ची धरून उभा राहिला आणि कॅमेऱ्यात आला. पी.ए.ने मला हाताने बाजूला केलं. अँब्युलन्सचं दार लावायच्या आत मी खुर्ची घेऊन आत चढून बसलो.

"काका, तुम्ही कशाला?"

"परत आणायचं कबूल केलंय."

विधानभवनात तशी सोय चांगली. उतरता रस्ता, चाकांची खुर्ची, सगळं. तिथे माझी गरज नव्हती आणि पासही नव्हता. मी ड्रायव्हरबरोबर गाडीत बसलो. त्याने मोबाइलवर सभागृह लावलं. बेल वाजत होती, मग थांबली, दरवाजे लागले. मोजणी सुरू झाली. एकेक ओळ उभी राहायची, प्रत्येकाने आपला नंबर सांगायचा आणि बसायचं. आमचा आला तेव्हा तो बसूनच होता. हात वर केला, नंबर सांगितला. क्षणभर दिसला. कपाळावर घाम होता.

सरकार पाच मतांनी राहिलं. तिकडची चार माणसं आलीच नाहीत. का आली नाहीत ते ती जाणोत. आमचा खाटेवर पडून राहिला असता तरी सरकार राहिलंच असतं.

ड्रायव्हर म्हणाला, "फिर इनको कायको लाया?"

मी म्हटलं, "लाया तो लाया."

बरंच उशिरा त्याला बाहेर आणलं. चेहरा पांढरा पडलेला. पी.ए. त्याला गाडीत ठेवून "पुढे व्हा, आलोच" म्हणाला आणि ढोल वाजत होते तिकडे गेला. भायखळा मागे पडेपर्यंत आमदार डोळे मिटून होता. मग म्हणाला, "पाच."

"हो."

"एका मताने राहिलं असतं तर बरं झालं असतं."

मी त्याच्या डोक्याखालची उशी सरळ केली.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. सकाळी जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. आता खाली कोणी नाही. नाक्यावर फटाके फुटत होते, कार्यकर्ते सगळे तिकडे. ड्रायव्हरने त्याला माझ्या खुर्चीत बसवायला हात लावला, पण त्याला दुसरा पेशंट आणायचा होता, तो गेला. आमदाराने पी.ए.ला फोन लावला. "साहेब, मिरवणूक अडकलीय, दहा मिनिटं." अर्धा तास झाला. आमदाराची मान एका बाजूला कलायला लागली. मी नाक्यावर जाऊन दोन पोरं आणू शकलो असतो. गेलो नाही. त्याला एकटा सोडायचा नव्हता हे एक, आणि त्या पोरांपुढे हात पसरायचे नव्हते हे दुसरं. दुसरं जास्त.

वहिनीने गॅलरीतून बघितलं असणार. पदर खोचून खाली आली.

"वयली बाजू कशी धरूची ती माका सांगा."

"वहिनी, तुम्हाला जमणार नाही."

"नळ बंद असतो तेवा तीन माळे हंडे कोण चढयता?"

मी सांगितलं. वर जाताना रीत आणि सोय एकच, डोकं आपोआप पुढे. तिने वरून खुर्चीची पाठ धरली, मी खालून पुढचे पाय. एक पायरी, टेक. एक पायरी, टेक. आता त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर. इतक्या जवळून मी त्याला कधी बघितलं नव्हतं. म्हातारा झाला होता. तोही माझ्याकडे तसंच बघत असावा, कारण दुसऱ्या माळ्यावर म्हणाला, "मुकादम, तुझे हात थरथरतायत."

"तुझंच वजन आहे ते."

"उद्या-परवा कागद घेऊन ये. मी वाचून दाखवतो. सगळा."

"आधी बरा हो."

"दोगव गप ऱ्हवा," वहिनी वरून म्हणाली. तिला धाप लागली होती.

तिसऱ्या माळ्यावर तिने त्याला लगेच आत घेतलं नाही. उंबऱ्याबाहेरच त्याचा कुर्ता वर केला, पट्टा सैल करून आत बोटं घातली, बोटं उजेडात धरून बघितली. कोरडी होती.

"बरा," एवढंच म्हणाली.

मी खुर्ची घेऊन खाली आलो. त्या रात्री मला हात वर करून टोपी काढता आली नाही.

पंधरा दिवसांनी त्याने बोलावलं. तीन संध्याकाळी तो कागद वाचत बसला, मी ऐकत बसलो, वहिनी चहा करत राहिली. नवव्या पानावर एक वाक्य आलं. त्याने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"विचारून सांगतो," म्हणाला.

अजून विचारतोय. सही मी केलेली नाही.