बुटाच्या सुरकुत्या

डॅलसजवळ माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात मी कृत्रिम पाय बसवायचं काम करायचो, तेव्हा एक म्हातारा माजी सैनिक सारखा यायचा. सरकारी खर्चाने नवा पाय मिळत असूनही त्याला जुना लाकडीच दुरुस्त करून हवा असे. “नव्याशी ओळख वाढवायचं वय राहिलं नाही, डॉक,” म्हणायचा. मी डॉक्टर नाही, हे सांगून मी थकलो.

वाट बघताना तो लाकडी पायातला बूट काढून दोन्ही हातांनी वाकवत बसे. खऱ्या पायातल्या बुटाला चालून सुरकुत्या पडतात, लाकडी पायातला कोराच राहतो आणि लोकांची नजर नेमकी तिथे जाते, असं त्याचं म्हणणं. मला तो खटाटोप पोरकट वाटे.

एकदा त्याच्या शेजारी नवा पाय बसवलेला, चाळिशीतला एक माजी सैनिक होता. मुलीच्या ग्रॅज्युएशनला जाणारच नाही, सगळे पायाकडे बघतील, असं मला सांगत होता.

म्हाताऱ्याने नुसता हात पुढे केला. “बूट दे.”

थोड्या वेळाने मी म्हाताऱ्याला आत बोलावलं. तो परका बूट वाकवता वाकवता त्याने मानही वर केली नाही.

“माझा पाय थांबेल, डॉक. याच्या पोरीचं ग्रॅज्युएशन शनिवारी आहे.”